नवेगाव खैरी ते रामटेक : नहर आणि डोंगरपायथ्याच्या लांब धावेच्या नियोजनाच्या नोंदी

१३ ऑक्टोबर २०२४

काल दसरा झाला आणि आज गटाच्या बैठकीत लांब धावेचा विषय पक्का ठरला. आमच्याकडची भरतीची तयारी करणारी मुले-मुली बारा महिने नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पाळीवर (काठाच्या बांधावर) धावतात. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, त्यामुळे त्यांचा सगळा सराव थोड्या मिनिटांच्या वेगाभोवती फिरतो. तासन्‌तास एका लयीत चालत राहण्याची, तहान आणि थकवा ओळखण्याची, आपल्या सोबत्याकडे लक्ष ठेवण्याची सवय त्या सरावातून लागत नाही. ती सवय लागावी आणि ज्या मुलांची भरतीची वयोमर्यादा संपली आहे त्यांचेही धावणे सुटू नये, एवढ्यासाठी हा उद्योग आहे. यात स्पर्धा नाही, क्रमांक नाहीत.

मार्गाचा कच्चा आराखडा असा आहे. नागपूर जिल्ह्यात पेंच नदीवरच्या नवेगाव खैरी धरणापाशी सुरुवात करायची, डाव्या कालव्याच्या सेवा रस्त्याने राष्ट्रीय महामार्ग ४४ च्या जवळ यायचे, तिथे नहर सोडून मनसरला महामार्ग ओलांडायचा, रामटेकच्या डोंगराच्या पायथ्याने अंबाळा तलाव गाठायचा, तिथून खिंडसी तलावाकडे जाऊन परत रामटेकला थांबायचे. हे सगळे मिळून सुमारे ४० किलोमीटर होतील. बैठकीत काहींनी आग्रह धरला की आणखी थोडे वाढवून मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर पूर्ण करावेत. हा आकडा १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधल्या मार्गावरून आला आणि १९२१ मध्ये तो प्रमाण म्हणून स्वीकारला गेला, त्याला आमच्या नहराशी काही देणेघेणे नाही. आकडा जुळावा म्हणून गावातल्या डांबरी रस्त्यावर उगीच फेऱ्या मारायला लावणे मला मान्य नाही. धरण, नहर, डोंगर आणि तलाव हा मार्गाचा नैसर्गिक क्रम आहे आणि तो जिथे संपतो तिथेच धाव संपावी, असे ठरले.

२० ऑक्टोबर

नहराच्या भागाची सायकलने पाहणी केली. सोबत पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक कालवा निरीक्षक होते, ज्यांना आम्ही सगळे काकाजी म्हणतो. त्यांच्यामुळे नहर कसा वाचायचा ते कळले, म्हणून ही नोंद सविस्तर लिहून ठेवतो.

कालवा डोंगराच्या कडेने वळणे घेत का जातो, याचे उत्तर पाण्याच्या उतारात आहे. पाणी पंपाशिवाय शेतात पोहोचवायचे तर कालव्याने आपली उंची शक्य तितकी जपून ठेवावी लागते, म्हणून त्याला अगदी नाममात्र उतार देतात आणि जमिनीच्या समपातळीच्या रेषेला धरून नेतात. जिथे टेकाड पुढे येते तिथे तोही पुढे येतो, जिथे दरी आत जाते तिथे तोही आत वळतो. डाव्या कालव्यावर पाण्याच्या दिशेने तोंड करून उभे राहिले की नदी आणि लाभक्षेत्र (कालव्याचे पाणी मिळणारी जमीन) उजव्या हाताला येतात, आणि डाव्या हाताला चढाची जमीन राहते. धावणाऱ्यासाठी याचा अर्थ असा की चढउतार जवळपास नाही, परंतु वळणे पुष्कळ आहेत आणि समोर दिसणारे गाव पायाखाली यायला वाटते त्याहून कितीतरी अधिक वेळ लागतो. नवीन मुलांना हे आधीच सांगून ठेवले पाहिजे.

चढाच्या बाजूने पावसाळ्यात नाले येतात आणि त्यांना कालव्याखालून किंवा कालव्यावरून वाट करून द्यावी लागते. कुठे कालवा जलसेतूवरून नाला ओलांडतो, कुठे नाल्याला सायफनमधून खालून काढून दिलेले असते. अशा प्रत्येक बांधकामापाशी सेवा रस्ता अरुंद होतो, किंवा नाल्यात उतरून पुन्हा वर चढतो, किंवा काही पावले कठड्यावरून जातो. आमच्या मार्गावर जोखमीच्या जागा आहेत त्या याच. काकाजींनी प्रत्येक ठिकाणी थांबवून दाखवले की कठडा कुठे तुटला आहे आणि काँक्रीटच्या अस्तरावर शेवाळ कुठे आहे. अस्तर केलेल्या कालव्यात पडलेल्या माणसाला पोहता येत असले तरी बाहेर निघता येत नाही, कारण तिरप्या गुळगुळीत काठावर ना हात रुतत ना पाय. “पाळीवरून कितीबी पळा बापा, पण पाय धुवाले कोणी खाली उतरू नोका,” हे त्यांचे वाक्य नियमावलीत पहिल्या क्रमांकाला जसेच्या तसे लिहायचे आहे.

अंतर मोजण्याची सोयही नहरानेच केलेली आहे. काठाने साखळी क्रमांकाचे दगड रोवलेले असतात आणि त्यांवरून धरणाच्या मुखापासूनचे अंतर कळते. काही दगड झुडपांत गेले आहेत, काहींवरचे आकडे पुसले आहेत, तरी जिथे सलग दोन दगड शाबूत सापडले तिथे आम्ही सायकलच्या चाकाच्या फेऱ्या मोजून एका फेरीचे अंतर निश्चित केले आणि पुढचा मार्ग त्या हिशेबाने मोजला. अधिकृत मॅरेथॉनचे मार्गसुद्धा सायकलच्या चाकावर फेऱ्या मोजणारे यंत्र लावूनच मोजतात आणि मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जास्तीचा धरतात. मोबाइलमधले ॲप वळणांचे कोपरे कापते, म्हणून त्याच्या आकड्यावर पाण्याची ठिकाणे ठरवायची नाहीत.

२७ ऑक्टोबर

धानाची कापणी सुरू आहे. पाळीवर बैलबंड्या, ट्रॅक्टर आणि मळणीयंत्रे यांची वर्दळ आहे, डांबरी रस्त्यांच्या कडेला धान वाळत घातले आहे. या दिवसांत लांब धावेचा सराव नहरावर ठेवायचा नाही, शाळेच्या मैदानावर ठेवायचा, असे ठरवले. सेवा रस्ता मुळात कालव्याच्या देखभालीसाठी आणि शेतकऱ्याच्या वहिवाटीसाठी आहे, आम्ही त्यावर तिसरे आहोत.

शेतकऱ्यांशी बोलताना दोन गोष्टी समोर आल्या. पहिली म्हणजे शेतीची वीज पुष्कळदा रात्रीच्या पाळीत मिळते. “रातीच जावं लागते जी, लाइन तवाच रायते,” असे एक काका म्हणाले. म्हणजे आमची मुले ज्या पहाटेला निर्मनुष्य समजतात त्या पहाटे बांधाबांधांवर माणसे असतात आणि अंधारातून अचानक धावत येणाऱ्या टोळक्यामुळे ती दचकतात. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी काही जण कुंपणाच्या तारेत चोरून वीजप्रवाह सोडतात. हे बेकायदेशीर आहे आणि त्यात माणसेही मेली आहेत. लघुशंकेसाठी किंवा जवळची वाट म्हणून कोणीही धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) शेतात शिरायचे नाही, हा नियम त्यामुळे आला, आणि याच नियमामुळे मुलींसाठी व मुलांसाठी स्वच्छतागृहांची सोय आपण करून देणे बंधनकारक झाले. वाटेतल्या गावांतील शाळा आणि ग्रामपंचायतींना यासाठी विनंतीपत्रे द्यायची आहेत.

१० नोव्हेंबर

पाटबंधारे उपविभागात सेवा रस्ता वापरण्याच्या परवानगीचा अर्ज दिला. वनविभाग आणि पोलीस ठाणे यांनाही प्रती दिल्या. २० तारखेला विधानसभेचे मतदान आहे आणि त्याआधी १५ तारखेला त्रिपुरी पौर्णिमेची रामटेकची यात्रा आहे, त्यामुळे पोलिसांकडून निकालानंतरच उत्तर येईल, हे उघड आहे.

धावेचा दिवस कोणता, यावर बरीच चर्चा झाली. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा लांब धावेचा विचारही नको. जून ते सप्टेंबर पाळीवरची कन्हार (काळी चिकण) माती पायाला धरते, ऑक्टोबर-नोव्हेंबर कापणीचे. उरतात डिसेंबरचा उत्तरार्ध आणि जानेवारी. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचे तापमान ३.५ अंशांपर्यंत उतरले होते, म्हणजे थंडीही गृहीत धरावी लागते, पण थंडीवर स्वेटर हा उपाय आहे. रविवार, १९ जानेवारी हा दिवस तात्पुरता निश्चित केला. संक्रांत तोवर होऊन गेलेली असेल.

नहरात पाणी असताना धावायचे की नसताना, हा खरा मतभेदाचा मुद्दा ठरला. भरून वाहणारा नहर, पलीकडे गव्हाची कोवळी हिरवळ आणि दूरवर डोंगराची निळी रेघ हे दृश्य मुलांनी लहानपणापासून पाहिलेले आहे, आणि त्यांना धाव तशाच दिवशी हवी आहे. माझे मत उलट आहे. आवर्तन (कालव्यात पाणी सोडण्याची पाळी) सुरू असताना मायनरच्या, म्हणजे लहान उपकालव्याच्या, गेटांपाशी झिरप होऊन चिखल होतो, मोजणीदार (पाण्यावर देखरेख करणारा कर्मचारी) आणि शेतकरी यांची ये-जा असते, आणि कोणी पाण्यात पडले तर प्रवाह त्याला पुढच्या बांधकामात ओढून नेतो. दोन आवर्तनांच्या मधले दिवस निवडावेत, असा निर्णय मी लावून धरला आणि अखेर तो झाला. उपविभागातून रब्बीच्या नियोजनाचा अंदाज घेतला असता १९ जानेवारीच्या सुमारास पाणी बंद असण्याची शक्यता सांगितली गेली. पाण्याच्या तारखा मात्र शेतकऱ्यांच्या नमुना ७ च्या मागणी अर्जांवर आणि धरणातल्या साठ्यावर ठरतात. याच साठ्यातून नागपूर शहर पाणी पिते. मध्य प्रदेशात पेंचवर वरच्या अंगाला चौराई धरण झाल्यापासून खाली येणारा ओघ घटला, आणि २०१९ च्या पावसाळ्यात नागपूरला पाणीकपात सोसावी लागली होती. अशा पाण्याच्या वेळापत्रकावर आपला हक्क सांगता येत नाही, म्हणून पाणी चालू असल्यास काय करायचे याचाही आराखडा हाती असला पाहिजे.

१७ नोव्हेंबर

यात्रा आटोपल्यावर मनसर ते खिंडसी हा भाग पायी पाहिला. इथे मार्गाचे स्वरूप पूर्ण बदलते. नहरावर सपाटीची सवय झालेल्या पायांना रामटेकच्या पायथ्याशी खडी, मुरूम आणि लहान लहान चढ लागतात. मनसरच्या टेकडीवर वाकाटककालीन अवशेष उत्खननातून उघडे झालेले आहेत. ती संरक्षित जागा असल्यामुळे धावेचा मार्ग तिच्या आवारातून न नेता रस्त्यानेच न्यायचा. रामटेकच्या गडावर अंबाळ्याच्या बाजूने जुन्या पायऱ्या चढतात, आणि काही उत्साही मुलांनी त्या मार्गात घ्याव्यात असे सुचवले. तीस किलोमीटर धावून थकलेल्या मांड्यांनी झिजलेल्या दगडी पायऱ्या उतरणे म्हणजे घोट्याला आणि गुडघ्याला इजा बोलावणे आहे. शिवाय त्या वाटेवर भाविकांचा, वृद्धांचा हक्क आधी आहे. गडाला खालूनच नमस्कार करायचा.

माकडांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल. गडाच्या परिसरातील वानरे माणसांच्या हातातल्या पिशव्यांना सरावलेली आहेत आणि केळी दिसली की धीटपणे अंगावर येतात. अंबाळ्यापाशी खाण्याचे ठिकाण ठेवायचे नाही. तिथे फक्त पाणी राहील, आणि खाणे त्याच्या आधी मनसरला व नंतर खिंडसीच्या वाटेवर मिळेल.

खिंडसी हा सूर नदीवर ब्रिटिश काळात बांधलेला तलाव आहे. त्याच्या बाजूला झाडी आणि टेकड्या आहेत. आमच्या तालुक्याच्या उत्तरेला पेंच व्याघ्र प्रकल्प आणि मानसिंगदेव अभयारण्य आहे, आणि वन्यप्राणी नकाशातली हद्द पाळत नाहीत. वाघ-बिबट्यांचा वावर प्रामुख्याने तिन्हीसांजेनंतर ते उजाडेपर्यंत असतो, म्हणून पूर्ण उजाडल्याशिवाय सुरुवात नाही आणि दुपारी दोननंतर मार्गावर कोणी नाही, या दोन वेळा पक्क्या केल्या. जानेवारीच्या मध्यात आमच्याकडे सूर्य सातच्या थोडा आधी उगवतो. सात वाजता सुरुवात धरली तर सात तास हाती राहतात. त्यात चालत-धावत ४० किलोमीटर पूर्ण होतात. आणखी एक प्राणी वाघापेक्षा अधिक संभाव्य आहे, तो म्हणजे आग्या मोहोळाची माशी. नहराच्या पुलांखाली आणि जुन्या वडा-पिंपळांवर पोळी आहेत. अशा जागांची यादी केली असून तिथे आरडाओरडा, शिट्या आणि ढोल यांना मनाई राहील.

२६ नोव्हेंबर

निवडणुकीचा निकाल लागला, कार्यालये पूर्ववत सुरू झाली. पाटबंधारे उपविभागाची परवानगी मिळाली. पोलिसांनी मनसरच्या चौकासाठी वेळापत्रक मागितले आहे.

१ डिसेंबर

आज फक्त पाण्याचा आणि खाण्याचा हिशेब केला. लांब धावेचे नियोजन म्हणजे बहुतांशी पाण्याचेच नियोजन, हे जसजसे कागद भरतात तसतसे मला अधिक पटत चालले आहे.

जानेवारीत सकाळी गारवा आणि दुपारी २८ ते ३० अंश अशी स्थिती असते. पहिले दोन तास तहान जाणवत नाही आणि नंतर एकदम जाणवते. सरावाच्या आधी आणि नंतर रेशन दुकानातल्या काट्यावर मुलांची वजने घेतली, तेव्हा एकाच वेगाने धावणाऱ्या दोघांच्या घामात जवळपास दुपटीचा फरक निघाला. म्हणून सर्वांना एकच प्रमाण सांगायचे नाही. सोयीसाठी ताशी माणशी अर्धा लिटर धरून कॅन भरायचे आणि त्यावर तिसरा हिस्सा जास्तीचा ठेवायचा.

मुलांच्या मनात एक समज घट्ट आहे की जितके जास्त पाणी प्यावे तितके चांगले. ती दूर करणे आवश्यक आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये धावणाऱ्यांच्या रक्ताची तपासणी करून एक अभ्यास झाला, तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातील सोडियम धोक्याच्या पातळीखाली गेलेले आढळले, आणि ज्यांचे वजन धावून कमी होण्याऐवजी वाढले होते त्यांच्यात हे प्रमाण अधिक होते. घामातून मीठ जाते, वरून नुसते पाणी ओतले जाते, रक्त पातळ होते, आणि डोकेदुखी, मळमळ, गोंधळलेपणा अशी लक्षणे दिसू लागतात. ही लक्षणे उष्माघातासारखी वाटतात आणि जवळचे लोक आणखी पाणी पाजतात, हा त्यातला मोठा धोका आहे. प्रत्येक ठिकाणच्या स्वयंसेवकाला हे समजावून सांगायचे आहे : जो माणूस नीट बोलत नाही त्याला पाणी पाजत बसू नये, त्याला बसवावे, त्याने आतापर्यंत किती प्यायले ते सोबत्याला विचारावे आणि गाडी बोलवावी.

घरगुती जलसंजीवनीचे प्रमाण एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ असे आहे. चमचा चहाचा, आणि सपाट. सढळ हाताने मीठ घालणाऱ्या मंडळींना या कामावर ठेवायचे नाही. एक दिवस आधी सगळे मोजून पुड्या बांधून ठेवायच्या, म्हणजे सकाळी कोणाच्या अंदाजावर अवलंबून राहावे लागणार नाही. नहराचे पाणी पिण्यासाठी, तोंड धुण्यासाठी किंवा कॅन भरण्यासाठी मुळीच वापरायचे नाही.

खाण्याबाबत बाजारातल्या महागड्या जेलच्या पाकिटांची गरज नाही. लांब धावेत तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत असे सांगितले जाते. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम मिळतात, गुळाच्या खड्यात जवळपास सगळी साखरच असते. केळी, गूळ, शेंगदाण्याची चिक्की, मीठ लावलेले उकडलेले बटाटे आणि शेवटच्या टप्प्यात संत्री, एवढे पुरे. संत्र्याच्या फोडी सोलून ठेवायच्या, साली पाळीवर पडू द्यायच्या नाहीत. तर्री-पोह्यांचा आग्रह झाला होता. ते धाव संपल्यावर रामटेकला होतील, वाटेत तिखट-तेलकट काही नको.

१५ डिसेंबर

धरणापासून महामार्गाच्या अलीकडेपर्यंत चाचणी धाव घेतली. नहरात पाणी होते. हिरवळीत उतरणारे बगळे, पाण्यावर सरकणारी वाफ आणि मागे धरणाची भिंत असे दृश्य असल्यामुळे सुरुवातीला सगळ्यांचा वेग हाताबाहेर गेला आणि बारा किलोमीटरनंतर तोच अंगाशी आला. सपाटीवर वेगाला वेसण घालणारा चढ नसतो. म्हणून वीस मिनिटे धावणे आणि दोन मिनिटे चालणे ही पद्धत पहिल्या किलोमीटरपासून सक्तीची केली आहे. थकल्यावर चालायला लागणे आणि थकवा येऊ नये म्हणून आधीच चालणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ज्यांनी ही पद्धत पाळली ते शेवटी बोलत-बोलत पोहोचले.

दुसरे निरीक्षण पायांबद्दल आहे. पाळीचा माथा पावसाचे पाणी निघून जावे म्हणून एका अंगाला किंचित कललेला असतो. तासभर एकाच बाजूने धावले की एका पायाची पोटरी आणि दुसऱ्या पायाचा कुल्ल्याजवळचा भाग ओढू लागतो. दर साखळी दगडापाशी चाकोरी बदलायची, म्हणजे बैलबंडीच्या दोन चाकोऱ्यांपैकी एकीतून दुसरीत जायचे, असा साधा उपाय ठरला. मात्र पाण्याच्या अंगाची तिसरी पट्टी कोणीही वापरायची नाही.

बुटांवर बोलणे झाले. पुष्कळ मुलांकडे पातळ तळव्याचे कॅनव्हासचे बूट आहेत आणि मुरमातले खडे त्यातून टोचतात. धावेसाठी नवे बूट घेण्याचा भार कोणावर टाकायचा नाही. आतून जास्तीचा तळवा घालता येतो आणि मोज्यांच्या दोन जोड्या चालतात. ज्यांना घ्यायचेच असतील त्यांनी ते या महिन्यातच घेऊन वापरून मऊ करावेत.

२९ डिसेंबर

दोन दिवस ढग आणि अवकाळी पाऊस झाला. तुरीच्या शेंगा भिजल्या, हरभऱ्यावर अळीची चिंता आहे. नहराची पाळ पाहून आलो. मुरुमाचा भाग टिकला आहे, पण जिथे भराव कन्हार मातीचा आहे तिथे ट्रॅक्टरच्या चाकांनी खोल चर पडले आहेत, आणि ते वाळून कडक झाल्यावर घोटा मुरगळण्याची हमखास जागा होतील. ग्रामपंचायतीच्या ट्रॅक्टरला ब्लेड लावून एवढे तुकडे सपाट करण्याची परवानगी उपविभागाकडे मागितली आहे.

पावसाचा परिणाम एवढ्यावर थांबत नाही. जमिनीत ओल आल्यामुळे गव्हाचे पाणी शेतकरी लांबवतील, मागणी अर्ज उशिरा जातील आणि पुढचे आवर्तन आठवडाभर पुढे सरकेल. धानानंतर उशिरा पेरलेल्या गव्हाला जानेवारीच्या उत्तरार्धात पाण्याची गरज असतेच. म्हणजे १९ तारखेला नहर कोरडा असण्याऐवजी वाहता असण्याची शक्यता आता अधिक आहे.

५ जानेवारी २०२५

उपविभागाने अपेक्षेप्रमाणे आवर्तन पुढे गेल्याचे कळवले, १९ तारखेला नहर चालू राहील. धाव पुढे ढकलण्याची सूचना आली, पण फेब्रुवारीत बारावीची परीक्षा आहे आणि ऊनही चढते. तारीख तीच ठेवून दुसरा आराखडा लागू केला. ज्या बांधकामांवर रस्ता कठड्यालगत अरुंद होतो त्या प्रत्येक ठिकाणी दोन स्वयंसेवक, एक लांब नायलॉनचा दोर आणि ट्रॅक्टरच्या टायरची हवा भरलेली ट्यूब राहील. तिथे धावणे बंद, एकामागे एक चालत जायचे. ज्या एका जलसेतूचा कठडा तुटलेला आहे तो पूर्णपणे टाळून गावरस्त्याने वळसा घ्यायचा. त्यामुळे अंतर थोडे वाढेल.

मनसरच्या चौकाचे पोलिसांशी नक्की झाले. महामार्गावर जड वाहनांची रीघ असते, तिच्यासमोर धावणारा माणूस एकटा सोडायचा नाही. चौकाच्या अलीकडे प्रत्येकाची वेळ चिठ्ठीवर लिहायची, गट जमला की पोलिसांच्या इशाऱ्यावर चालत ओलांडायचे, पलीकडे पुन्हा वेळ लिहायची आणि मधला वेळ एकूण वेळेतून वजा करायचा. असे केले की कोणालाही घाई करण्याचे कारण उरत नाही.

पतंगांचे दिवस आहेत. नायलॉन मांजावर बंदी असूनही तो संक्रांतीनंतरही झाडांत आणि तारांत अडकून लोंबत राहतो आणि सायकल-मोटारसायकलवरच्या माणसाचा गळा कापतो. सोबत जाणाऱ्या सर्व सायकलस्वारांनी गळ्याला जाड दुपट्टा गुंडाळायचा, आणि १८ तारखेला गावांतून जाणाऱ्या भागात लोंबता मांजा काढून घ्यायचा.

१२ जानेवारी

बचावाची रंगीत तालीम गावतलावाच्या काठावर घेतली. दोर फेकताना तो माणसाच्या पलीकडे पडला पाहिजे, म्हणजे तो ओढताना हाताशी येतो. वाहत्या पाण्यात तर माणसाच्या थोडा पुढे, प्रवाहाच्या दिशेला फेकावा लागतो. कोणी पडले तर दुसऱ्याने मागोमाग उडी मारायची नाही, ही गोष्ट मुलांना पटवायला सर्वांत जड गेली, कारण मित्र बुडताना उभे राहणे त्यांना भ्याडपणाचे वाटते. काकाजींनी त्यांना समोर बसवून समजावले. काठावरचा माणूस काठावर राहिला तरच दोर ओढायला कोणी उरतो, हे ऐकून शेवटी मुले गप्प झाली आणि सरावाला लागली.

साप चावल्यास घट्ट बांधणे, कापणे, चोखणे यांपैकी काहीही करायचे नाही. हालचाल थांबवून थेट रुग्णालयात न्यायचे. महामार्गाच्या अलीकडच्या पट्ट्यासाठी पारशिवनीचे ग्रामीण रुग्णालय आणि पलीकडच्या पट्ट्यासाठी रामटेकचे उपजिल्हा रुग्णालय जवळ पडते. दोन्हीकडे आगाऊ सूचना दिली आहे. १०८ ची रुग्णवाहिका नहराच्या पाळीवर सरळ येऊ शकणार नाही, म्हणून प्रत्येक स्वयंसेवकाच्या कागदावर त्याच्या जवळचा डांबरी रस्ता आणि साखळी क्रमांक लिहून दिला आहे. फोनवर “नहराजवळ आहे” असे सांगून काही उपयोग होत नाही, दगडावरचा आकडा सांगितला तर गाडी नेमकी येते.

१८ जानेवारी, सायंकाळ

चर पडलेले तुकडे सपाट झाले. मार्गावर चुन्याच्या फकीने बाण काढले, झाडांना खिळे किंवा रंग लावलेला नाही. जलसंजीवनीच्या पुड्या बांधून झाल्या, कॅन उद्या पहाटे शाळेच्या बोअरवरून भरले जातील. नहर काठोकाठ वाहतो आहे आणि गेटांपाशी दोन ठिकाणी झिरपेचा चिखल आहे, तिथे तणसाच्या (धानाच्या वाळल्या काड्यांच्या) पेंढ्या टाकल्या. मोजणीदाराने आपल्या फेरीची वेळ आम्हाला कळवली असून तो त्या भागात असेल तेव्हा त्याच्या मोटारसायकलला पूर्ण रस्ता द्यायचा आहे.

मुलींच्या पालकांपैकी तिघे-चौघे स्वतः स्वयंसेवक म्हणून उभे राहणार आहेत, त्यांना शाळांपाशीची ठिकाणे दिली. सर्वांत मागे सायकलवर दोघे राहतील आणि त्यांच्या मागे कोणीही नसेल याची खात्री ते प्रत्येक ठिकाणी नावे मिळवून करतील. महामार्गापर्यंत साडेदहाच्या आत न पोहोचणाऱ्याला तिथेच थांबवून गाडीने रामटेकला नेले जाईल, मग तो कितीही ताजातवाना वाटत असला तरी. अंबाळ्यापाशी हीच मर्यादा साडेबाराची आहे. धरणावर सकाळी सहाला हजेरी, वजन आणि ओळखचिठ्ठीवर रक्तगट व घरचा फोन क्रमांक. धुके असल्यास समोरचा साखळी दगड स्पष्ट दिसेपर्यंत सुरुवात थांबेल, आणि जितका उशीर होईल तितक्याच मिनिटांनी पुढच्या मर्यादा पुढे सरकतील, परंतु दुपारी दोनची शेवटची वेळ मात्र बदलणार नाही. तोवर जे रामटेकला परत पोहोचले नसतील त्यांना वाटेतूनच गाडीत घेऊन तिथे आणायचे.